यंत्रांना ऊन

पाऊस गेला की आमच्या बोईसरात सगळं सुकत घालायची घाई उठते. गाद्या, गोधड्या, बुरशीची पांढरी झाक धरलेल्या चपला, कपाटातल्या साड्या. किनाऱ्याला, मुरबे गावात, बोंबील काठ्यांवर चढतात, कुंभवलीच्या पुढे खाचरांतलं हळवं भात पिवळं पडायला लागतं आणि रस्त्याच्या कडेला झेंडूवाल्या बसतात. दुपारचं ऊन पाठ भाजून काढतं. संध्याकाळी वारा पडला की औद्योगिक वसाहतीचा वास खाली उतरतो, आंबट, दातांना लागणारा. नवा माणूस नाकाला रुमाल लावतो. आम्ही खिडकी लावून घेतो आणि आमटीला फोडणी देतो.

या दिवसांत आमच्याकडे आणखी एक गोष्ट सुकत पडायची, ती दुसऱ्या कुणाकडे पडत नसेल. ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, यंत्रं दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे स्टेशनपासून जरा आत एक गाळा. कारखान्यांतून बिघडलेले टायमर, मीटर, कंट्रोल कार्डं तिथे यायची. चार महिन्यांच्या ओलीने आणि त्या आंबट हवेने तांबं हिरवं पडतं, बटणं फिरवली की खरखरतात. म्हणून दसऱ्याच्या आधी हे दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक यंत्राचं झाकण काढत, रंगाच्या ब्रशने धूळ झाडत आणि बाहेर फळी टाकून त्यावर सगळी पोटं उघडी मांडून ठेवत. ह्याला ते ‘यंत्रांना ऊन दाखवणं’ म्हणत. शेजारचा वेल्डिंगवाला यादव दरवर्षी तोच विनोद करायचा, “नरेशभाई ने पापड डाले सुखाने.” आणि नरेशभाई दरवर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसत.

यंदा गाळ्यासमोर फळी पडली नाही. होळीच्या सुमारास ह्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, जीभ आली. उजवा हात आला नाही. म्हणजे तो आहे, खांद्याला आहे, जेवताना मांडीवर ठेवलेला असतो. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की जे यायचं ते बहुतेक येऊन गेलं. हे मी ह्यांना सांगितलेलं नाही. ह्यांनी विचारलंही नाही. ते फक्त म्हणत राहिले, “दसऱ्याला गाळा उघडू.” गाळ्याचा मालक फोन करून विचारत राहिला, वहिनी, काय ठरलं, दुसरा माणूस थांबलाय. आणि मी दोघांनाही ‘बघू’ म्हणत राहिले.

मी दमले आहे. हे वाक्य लिहायला सोपं आहे, घरात म्हणता येत नाही. आजाऱ्याच्या घरात दमण्याचा मान आजाऱ्याचा. आंघोळ, तेल, व्यायाम, रबरी चेंडू दाबायला लावणं, तो खाटेखाली गेला की वाकून काढणं. माझं काम मी उन्हाळ्यातच सोडलं. रात्री ह्यांनी कूस बदलली तरी मी जागी होते, आणि नाही बदलली तरी होते. गाळा सोडून द्यावा, निदान ती एक काळजी डोक्यावरून उतरावी, असं मला किती वेळा वाटलं. पण ‘गाळा सोडू या’ म्हणणं म्हणजे ‘तुमचा हात येणार नाही’ म्हणणं. दोन्ही वाक्यं एकाच दारातून बाहेर पडणार होती, म्हणून मी ते दार लावूनच ठेवलं.

नवरात्र बसलं तेव्हा ह्यांनी फर्मावलं, “तो जुना सप्लाय घरी घेऊन ये. तेवढ्याला तरी ऊन दाखवू.”

सप्लाय म्हणजे पॉवर सप्लाय. दुरुस्तीच्या टेबलावरचा लोखंडी पेटारा. समोर काट्याची दोन मीटरं, दोन गोल बटणं, एक लाल आणि एक काळं टर्मिनल, कोपऱ्यात लाल दिवा. भिंतीतली वीज आत जाते आणि बाहेर हवी तेवढी, मोजून मिळते. स्वयंपाकघरात चूल तसा दुरुस्तीवाल्याकडे हा. हा नसला तर बाकीचं सगळं नुसतं मांडून बसायचं. हा आमच्या लग्नाच्या आसपास कुठल्या तरी बंद पडलेल्या कारखान्यातून आला होता. नंतर नवे आले, आकडे दाखवणारे, हलके. हा मात्र टेबलावरून हलला नाही, ऊन दाखवायलासुद्धा नाही.

यादवने तो रिक्षात घालून दिला. “भाभी, भैया कब बैठेंगे दुकान पे?” त्याने विचारलं. त्यालाही मी ‘देखेंगे’ म्हणाले. भाषा बदलली तरी माझं उत्तर बदलत नाही.

त्या पेटाऱ्याला हात लावला की मला एक आश्विन आठवतो. लग्नानंतरचा दुसरा किंवा तिसरा. गाळा नवा होता, आम्ही नवे होतो, आणि ह्यांची मिजास तर विचारू नका. खंडेनवमीला गाळ्यातली सगळी हत्यारं पुसून मांडली. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंग आयर्न, सगळ्यांना हळदकुंकू. मधोमध हा सप्लाय, त्याला झेंडूची माळ. रीत अशी, की पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, यंत्र बंद ठेवायचं. ह्यांच्या मनात आलं की सप्लाय चालूच ठेवावा. का, तर त्याचा लाल दिवा. “देवापुढं समई, तसा मशीनचा दिवा. पूजेच्या टायमाला विझलेला बरा दिसतो का?” मी म्हटलं, बंद करा हो. ते म्हणाले, “तुला नाय कळत.”

मग नारळ. बाहेर पायरीवर फोडायचा तर ह्यांनी तो टेबलावरच्या लोखंडी शेगड्यावर, वस्तू आवळून धरायच्या व्हाइसवर, आपटला. नारळ घरच्या वाडीतला, भरलेला. पाणी उसळलं आणि निम्मं सप्लायच्या वरच्या जाळीतून थेट आत गेलं. आधी चर्र झालं, मग करपल्याचा वास, मग लाल दिवा गेला. असल्या वेळी फ्यूज उडतो आणि यंत्र वाचतं. पण फ्यूज सारखा उडतो म्हणून ह्यांनी त्याच्या जागी तांब्याची तार पिळून बसवली होती. तीच तार, जी गिऱ्हाइकाच्या यंत्रात सापडली की हे त्याला अर्धा तास ऐकवत. लोका सांगे ब्रह्मज्ञान! ट्रान्सफॉर्मर जळून काळा झाला. मी हसू दाबायला झेंडूच्या टोपलीकडे वळले. यादव दारात उभा होता. तो हात जोडून म्हणाला, “देवी ने प्रसाद तुरंत ले लिया.”

नवा ट्रान्सफॉर्मर त्या मापाचा मिळेना. मी तेव्हा वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगला, म्हणजे तारेचे फेरे गुंडाळायला होते. त्या खात्यात आम्ही सगळ्या बायका. मालकाचं म्हणणं होतं की बायकांच्या हातून तार तुटत नाही. तुटायची. आम्ही सांगत नव्हतो. मी म्हटलं, मी गुंडाळते. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भाकरी चंद्रावर थापते म्हटलंय.

नेमकी भातकापणी आली होती. त्या दिवसांत कारखाना तसाही अर्धा रिकामा व्हायचा. जव्हार-विक्रमगडची माणसं डोंगरउतारावरच्या आपापल्या वरकस तुकड्याकडे जायची, किनाऱ्याची आपल्या खाचराकडे. आमची खाचरं मुरब्याच्या वाटेवर, सासूबाईंच्या गावी. मी जळका ट्रान्सफॉर्मर पिशवीत घालून कापणीला गेले. मी मूळची मनोरची. हायवेच्या गावातली मुलगी विळा कसा धरते हे बघायला शेजारच्या बायका मुद्दाम बांधावर येऊन बसायच्या. दिवसभर कापणी, आणि ऊन कललं की मी ओट्यावर बसून जळकी तार उलगडायची. कारण गुंडाळायच्या आधी जुने फेरे मोजावे लागतात. कारखान्यात मोजायला यंत्र होतं. ओट्यावर मी एक वाटी ठेवली. शंभर फेरे झाले की त्यात वालाचा एक दाणा टाकायचा.

एका संध्याकाळी मी पाणी प्यायला आत गेले. परत आले तर वाटी रिकामी. सासूबाईंनी माझे मोजणीचे वाल उचलून रात्रीच्या बिरड्याच्या वालांत भिजत घातले होते.

“अगं वैजू, सांडलेलं दाणं वाटत होतं मला,” त्या म्हणाल्या. “दोन वाल असं वाटीत वायले ठेवून कोन बसतं?”

“आई, ती मोजणी होती.”

“मंग पयलं सांगायचं ना! आता ते फुगलं. आता कुठला तुझा नि कुठला माझा?”

मी रडायच्या बेतात होते. मग त्या हसायला लागल्या, पदर तोंडावर घेऊन, आणि मलाही धरवेना. त्या रात्री आम्ही माझी मोजणी नारळाच्या रसात खाल्ली. ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या गुंडाळीची तार उलगडायची उरली होती, तिच्यावरून हिशोब जुळवून मी आकडा काढला. त्यानंतर सासूबाई माझ्या वाटीवर अशी नजर ठेवायच्या, की कोंबडी अंगणात शिरली तरी “वाल खाईल गो!” म्हणून धावायच्या.

गुंडाळून झालं, थराथरात पिवळा कागद घालून झाला, पत्र्याच्या पातळ पट्ट्या एकीआड एक परत बसवल्या. मग सगळा ट्रान्सफॉर्मर वॉर्निशात बुडवला आणि खळ्यावर, झोडलेल्या भाताच्या शेजारी, उन्हात ठेवला. सासूबाई येता-जाता त्याच्याकडे बघत. “खायाचं हाय का हे?” असं एकदा विचारून झालं. पण ढग आला तेव्हा भातावर ताडपत्री ओढायच्या आधी त्यांनी तो उचलून ओट्यावर ठेवला. त्या आश्विनाचा वास मला अजून नाकात आहे: भाताचा गोडसर, वॉर्निशचा उग्र, आणि माझ्या तळहातांना दोन्ही. रात्री चटईवर अंग टाकलं की डोळे मिटायच्या आत झोप. कंबर तुटलेली असायची, बोटांना तारेचे कापे असायचे, आणि सकाळी उठले की काही नसायचं. त्या वयात दमणं रात्रीपुरतं पाहुणं यायचं. आता ते भाडेकरूसारखं राहायला आलंय.

ट्रान्सफॉर्मर बसला, लाल दिवा लागला. ह्यांनी मीटर पाहिलं, तासभर चालवून ट्रान्सफॉर्मरला हात लावून तापतो का पाहिलं, आणि म्हणाले, “ठीक हाय.” ठीक हाय! मी आठवडाभर बोलले नाही. मग त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर ती तांब्याची तार काढून खरा फ्यूज बसवला. माफी मागायची ह्यांची तेवढीच रीत.

तर परवा अष्टमीच्या दुपारी, बाल्कनीत जिथे ऊन येतं तिथे, जुनी चादर पसरून आम्ही तो पेटारा उघडायला बसलो. ह्यांनी आधी मला एक जुना स्कूटरचा बल्ब दिला, दोन तारा जोडलेला. आत पिंपासारखा एक मोठा कपॅसिटर असतो, तो वीज धरून ठेवतो. झाकण काढलं की आधी बल्ब लावून त्याला रिकामा करायचा. “अहो, महिनोन्‌महिने बंद आहे हा. आत काय राहिलं असणार?” मी म्हटलं. “तरी पन लाव,” ते म्हणाले. मी लावला. बल्ब पेटला नाही. “रिकामा हाय,” ते म्हणाले आणि पुढे सरकले.

आतमध्ये धुळीची गादी होती. ती ब्रशने उचलली तर खाली लाली. इतक्या दसऱ्यांचं कुंकू जाळीतून झिरपून तळाला बसलेलं. अक्षता होत्या, पिवळ्या पडलेल्या. झेंडूच्या पाकळ्या, कागद झालेल्या. आपट्याचं एक पान वायरींच्या जुडग्यात अडकलेलं. पालीच्या अंड्याची टरफलं. बाहेरून लोखंडी आणि आतून देव्हारा, असा तो प्रकार. कपॅसिटरची टोपी फुगून वर आली होती आणि बुडाशी काही तरी चिकट गळून सुकलं होतं. मागच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंगोऱ्यांच्या पत्र्यावरचे ट्रान्झिस्टर काळवंडले होते, तांब्याची टोकं हिरवी. फक्त ट्रान्सफॉर्मर नीट होता. वॉर्निश गडद झालेलं, पण थर सरळ, एकाही जागी तार दुसरीवर चढलेली नाही. माझ्या विशीतले हात तिथे बसून होते. आता मला सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो.

ह्यांनी त्यावर डावा हात ठेवला. “तुझी गुंडाळी बघ,” म्हणाले. “कंपनीचा तापायचा. हा कदी तापला नाय.”

इतक्या वर्षांनी! मी म्हटलं, “तेव्हा तर ठीक हाय म्हणाला होतात.”

“मंग ठीकच हाय ना,” ते म्हणाले, आणि त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून त्याच ट्रान्सफॉर्मरवर आणून ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. काय लागतंय, थंड का गरम, असं मी विचारणार होते. त्यांचं तोंड बघून नाही विचारलं.

मग त्यांनी काढून ठेवलेल्या स्क्रूंपैकी एक उजव्या तळहातावर घेतला. अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणायचं. नुसतं जवळ आणायचं. मान ताठ झाली, कपाळावर घाम आला, अंगठा जरासा हलला आणि स्क्रू चादरीवर पडला. पुन्हा. पुन्हा पडला. मी उचलून द्यायची आणि तो पडायचा. आणि तेव्हा मला कळलं. पावसाळ्यात ह्यांनी गाळ्यातून स्क्रूची डबी मागवली होती, “वेचून ठेवतो” म्हणून. तेव्हापासून केर काढताना मला स्क्रू सापडत होते. खाटेखाली, गादीच्या शिवणीत, एकदा माझ्या चपलेत. डबी गळकी असेल म्हणून मी चिडचिड केली होती, झाकण बदललं होतं. दुपारी माझा डोळा लागला की हे भिंतीकडे तोंड करून एकटेच हे करत होते. रबरी चेंडू माझ्यासाठी, स्क्रू त्यांच्यासाठी. आणि सप्लाय उघडायचा तो ऊन दाखवायला नव्हे. गिऱ्हाइकाचं यंत्र बिघडवायची भीती नको, म्हणून स्वतःच्या जुन्या यंत्रावर हात चालतो का, हे त्यांना एकदा शेवटचं बघायचं होतं.

मला भडभडून आलं. रागही आला. इतके दिवस मी एकटीच एक गोष्ट लपवून वागवते आहे असं समजत होते, आणि हा माणूस शेजारच्याच उशीवर तीच गोष्ट लपवून झोपत होता. झोपत तरी कुठे होता.

ऊन बाल्कनीच्या कठड्यावर गेलं. ह्यांनी उजवा हात उचलून परत मांडीवर ठेवला, नीट, बोटं सरळ करून.

“गाळ्याची चावी देऊन टाक मालकाला,” ते म्हणाले.

मी ब्रशने उगाच कुंकू झाडत राहिले.

“ऐकलंस का? दसऱ्याच्या आदी दे. नव्या मानसाला पन पूजा मांडायची आसंल.”

हेच वाक्य ऐकायला मी किती महिने थांबले होते. ते आलं की काय म्हणायचं, कसा धीर द्यायचा, हे सगळं मला पाठ होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मी म्हटलं, “बरं.”

“तू पन दमलीस,” ते म्हणाले.

मी त्यांना धरून खाटेवर नेलं. पाठीला उशी दिली, पंखा लावला. आणि ते झोपले. कूस बदलायची, उसासा टाकायचा, असं काही न करता, तोंड जरा उघडं टाकून, तरुणपणी कापणीनंतर झोपायचे तसे घोरत. संध्याकाळचा वास खाली उतरला, मी खिडकी लावली, त्या आवाजानेही ते हलले नाहीत. मी त्यांच्या शेजारी आडवी झाले. आता काही ठरवायचं नव्हतं, काही लपवायचं नव्हतं, उठवणारं कुणी नव्हतं. दिवेलागणीपर्यंत मी छताकडे बघत पडले होते. डोळा लागला नाही.